खेळातल्या रिकाम्या घरांत कोण राहत होतं?

मालाडहून मढकडे जाणाऱ्या रस्त्यावर एरंगळ लागतं. समुद्राला खेटून असलेलं गाव, सोळाव्या शतकातलं सेंट बोनाव्हेंचर चर्च, जानेवारीत तिथे लोटणारी गर्दी. गावातल्या कुठल्याही घराकडे बोट दाखवून ‘हे कुणाचं?’ असं विचारलं, तर सांगणारं कुणीतरी हमखास भेटतं. कोण कधी आलं, कुणाची होडी होती, कुणाचा मुलगा परदेशी गेला, सगळं.

उपनगरांतल्या पोरांना आणखी एक एरँगल पाठ आहे. ते ‘पबजी’ या खेळातलं बेट, आठ किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. पोचिंकी, जॉर्जोपोल, शाळा, लष्करी तळ अशी तिथली ठिकाणं अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कित्येक मुलांना आपल्या वॉर्डाच्या हद्दीपेक्षा नीट ठाऊक असतात. नावाचं साम्य निव्वळ योगायोगाचं. खेळाचा आयरिश रचनाकार ब्रेंडन ग्रीन याने आपल्या एरिन नावाच्या मुलीवरून बेटाचं नाव ठेवलं. मढचा रस्ता त्याने कशाला पाहिला असेल!

या दुसऱ्या एरँगलमध्ये घरं आहेत, खाटा आहेत, स्वयंपाकघरं आहेत. माणूस मात्र एकही नाही. खेळाडू दार उघडतो, बंदूक उचलतो आणि खिडकीतून उडी मारतो. पोचिंकीतल्या त्या घरांत आधी कोण राहत होतं? ते कुठे गेले? खेळायला याचं उत्तर लागत नाही. पण शंभर वेळा त्याच घरात शिरलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न कधीतरी उगवतोच.

हा प्रश्न हेच एका अख्ख्या पुस्तकधंद्याचं भांडवल आहे. संगणकावरच्या किंवा टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळांच्या जगात घडणाऱ्या कादंबऱ्यांना इंग्रजी प्रकाशनात ‘टाय-इन’ म्हणतात. १९७८ साली आंद्रे नॉर्टन यांनी ‘क्वॅग कीप’ ही अशी एक सुरुवातीची कादंबरी लिहिली. त्यानंतर या पुस्तकांनी दुकानांतले कप्पेच्या कप्पे व्यापले. समीक्षक बहुधा त्यांच्याकडे बघत नाहीत. खेळाचं चित्र छापलेला टी-शर्ट आणि कॉफीचा मग, त्याच रांगेतलं हे पुस्तक, असा सर्वसाधारण समज. तो अगदीच खोटा नाही, या प्रकारात भरताड भरपूर आहे. तरी त्यातली चांगली पुस्तकं चांगली का होतात, हे समजून घेण्यात गंमत आहे.

डोक्याच्या आतली जागा

खेळातला नायक मुद्दाम अर्धवट घडवलेला असतो. त्याच्या डोक्यात खेळणाऱ्याने जाऊन बसायचं असतं, म्हणून ती जागा रिकामी ठेवावी लागते. नायक फार बोलू लागला, फार विचार करू लागला, तर खेळणाऱ्याला आपण परक्याच्या अंगात शिरल्यासारखं वाटतं. ‘हेलो’ या खेळातला मास्टर चीफ हे याचं नमुनेदार उदाहरण. हिरवं चिलखत, सोनेरी काच असलेलं शिरस्त्राण, मोजकी वाक्यं. चेहरा दिसतच नाही.

हा खेळ १५ नोव्हेंबर २००१ रोजी बाजारात आला. त्याच्या दोनेक आठवडे आधी, ३० ऑक्टोबरला, एरिक नायलंड यांची ‘द फॉल ऑफ रीच’ ही कादंबरी आली होती. ती लिहायला त्यांना सात आठवडे मिळाले. एवढ्या घाईत त्यांनी नेमकी ती रिकामी जागा हेरली.

कादंबरीत डॉक्टर कॅथरीन हॉल्सी नावाची शास्त्रज्ञ एका दूरच्या ग्रहावरच्या शाळेत जाते. मैदानात टेकडीचा राजा होण्याचा खेळ चालला आहे आणि सहा वर्षांचा एक मुलगा बाकीच्यांना खाली लोटून वर उभा आहे. त्याचं नाव जॉन. हॉल्सी एक जुनं नाणं हवेत उडवते. खाली पडायच्या आत छापा की काटा ते सांगायचं. जॉन नाण्यावर नजर खिळवतो आणि बरोबर सांगतो. पुढे त्याच्यासह ७५ मुलांना सरकारच पळवून नेतं. आईबापांना कळू नये म्हणून मुलांच्या जागी प्रयोगशाळेत वाढवलेल्या हुबेहूब प्रती ठेवल्या जातात. त्या थोड्याच काळात आजारी पडून मरतात. घरचे लोक आपलं लेकरू गेलं म्हणून रडतात, आणि लेकरू लष्करी छावणीत कवायत करत असतं. त्या ७५ पैकी शस्त्रक्रियांमधून धडधाकट बाहेर येतात ३३.

खेळाडू ज्याच्या हातांनी परग्रहवासी मारतो, तो नायक मुळात आपल्याच बाजूच्या सरकारने चोरलेला पोरगा निघतो. हे खेळात दाखवणं अवघड होतं. तिथे खेळणाऱ्याला सतत काहीतरी करायला द्यावं लागतं, आणि सहा वर्षांच्या मुलाने करण्यासारखं या प्रसंगात काही नाही, त्याच्यावर सगळं केलं जातं. कादंबरीला ही अडचण नसते. ती थांबू शकते, मागे जाऊ शकते, नायकाला असहाय ठेवू शकते. पुस्तक वाचून पुन्हा खेळ सुरू करणाऱ्याला पडद्यावरचं ते शिरस्त्राण तेच असूनही वेगळं दिसतं. या प्रकारच्या लेखनाचं पहिलं काम हेच: खेळाला न परवडणारी गोष्ट सांगणं.

नियमाची व्यथा होते तेव्हा

दुसरं काम जास्त कसबाचं. खेळ नियमांवर चालतो आणि नियम कोरडे असतात. चांगला लेखक त्यांतून माणसाचा स्वभाव काढतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणला. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी योद्धा, चोर, जादूगार अशी सोंगं घ्यायची आणि वार लागला की चुकला हे फाशांवर ठरवायचं. त्यात एक नियम होता. जादूगाराने मंत्र रोज पोथीतून पाठ करायचा आणि एकदा वापरला की तो डोक्यातून पुसला जाणार. हवा असेल तर पुन्हा पाठ करा. जादूगार भलताच बलवान होऊ नये म्हणून घातलेला हा लगाम. ही कल्पना गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० सालच्या कथासंग्रहावरून उचलली होती.

मग १९८४ साली मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी याच खेळावर ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ लिहिली. त्यांच्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेतली ही पहिली कादंबरी. तिच्यात रेस्टलिन नावाचा जादूगार आहे. सोनेरी पडलेली कातडी, वाळूच्या घड्याळासारख्या बाहुल्या, सतत खोकला, दणकट जुळ्या भावाच्या आधाराने चालणं. तो मंत्र म्हणतो आणि अक्षरशः गळून पडतो. रात्री सगळे झोपले की हा पोथी उघडून बसतो. नियमपुस्तकातली एक ओळ इथे माणसाची हाव, हेवा आणि थकवा होऊन येते. त्याचा घोगरा, कुजबुजता आवाजही टेबलावरच जन्मला. खेळाची चाचणी चालू असताना रेस्टलिनचं सोंग घेतलेल्या गड्याने सहज त्या आवाजात उत्तर दिलं आणि तोच आवाज कादंबरीत कायम झाला.

म्हणजे एक कल्पना पुस्तकातून खेळात गेली आणि दहा वर्षांनी खेळातून पुन्हा पुस्तकात आली, येताना माणूस घेऊन. हे जमत नाही तेव्हा काय होतं? वाचताना फासे खुळखुळताना ऐकू येतात. दर वीस पानांनी लढाई, प्रत्येक लढाईनंतर नायकाला नवी तलवार, आणि त्या तलवारीचं वर्णन थेट कॅटलॉगातून. अशी पुस्तकं अर्ध्यातच खाली ठेवावीत. त्यात वाचकाचं काही चुकत नाही.

भाड्याच्या घरातली कादंबरी

या लेखकांची अवस्था उपनगरात लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या भाडेकरूसारखी असते. पडदे आपल्या आवडीचे लावा, फळ्या ठोका, भिंतीचा रंग विचारून बदला, पण बीमला हात लावायचा नाही. करार संपला की फळ्यांसकट घर मालकाचं.

हे शब्दशः घडतं. बहुतेक करारांत कादंबरीचे हक्क खेळाच्या कंपनीकडे राहतात. लेखकाला मानधन मिळतं, कधी विक्रीतला छोटा वाटा. कथेचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. ज्या पात्राची पुढच्या खेळात गरज आहे, त्याला मारता येत नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण वाइस आणि हिकमन यांचंच. ड्रॅगनलान्सचं जग त्यांच्याच डोक्यातून निघालं, पण ते तेव्हा टीएसआर या कंपनीचे नोकर असल्याने मालकी कंपनीची. टीएसआर १९९७ साली विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतली, विझर्ड्स १९९९ साली हॅसब्रोने. पुढे वाइस आणि हिकमन यांनी नव्या तीन कादंबऱ्यांचा करार केला, पण कंपनीने मध्येच मसुदे मंजूर करणं थांबवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना कोर्टात जावं लागलं. डिसेंबरमध्ये त्यांनी दावा मागे घेतला आणि २०२२ साली ‘ड्रॅगन्स ऑफ डिसीट’ प्रसिद्ध झाली. ज्यांनी विटा रचल्या त्यांनाच आत शिरायला मालकाची परवानगी लागली.

चौकट: धंद्यातले तीन शब्द

*कॅनन:* त्या जगात अधिकृतपणे खरं मानलेलं सगळं. काय कॅनन आणि काय नाही, हे मालक कंपनी ठरवते.

*बायबल:* लेखकांना दिली जाणारी जाडजूड माहितीवही. त्यात इतिहास, नकाशे, पात्रांची वयं आणि कोणत्या गोष्टींना हात लावायचा नाही याची यादी असते. धर्मग्रंथाशी संबंध नाही. आपल्याकडच्या टीव्ही मालिकांच्या लेखकांतही हा शब्द चालतो.

*वर्क फॉर हायर:* ठरलेल्या पैशांत लिहून द्यायचं आणि हक्क मागायचे नाहीत, अशा अटीवरचं काम.

चूक पकडणारा वाचक

बायबल नीट न वाचता लिहिलं तर वाचक सोडत नाहीत. ‘मास इफेक्ट’ या अंतराळातल्या खेळावरच्या पहिल्या तीन कादंबऱ्या खेळाचेच लेखक ड्रू कार्पिशिन यांनी लिहिल्या होत्या. चौथी ‘डिसेप्शन’ २०१२ साली विल्यम डिट्झ यांनी लिहिली. वाचकांनी तिच्यातल्या विसंगतींची लांबलचक यादीच केली. आधीच्या भागात स्वमग्न म्हणून आलेल्या मुलीचं स्वमग्न असणंच इथे हरवलं होतं. कंपनी आणि प्रकाशकाला माफी मागून पुढच्या आवृत्तीत दुरुस्तीचं आश्वासन द्यावं लागलं.

कधी मालकच बीम फोडतो. नायलंड यांच्या कादंबरीत रीच हा ग्रह जवळपास एका दिवसात पडतो. २०१० साली आलेल्या ‘हेलो: रीच’ या खेळात मात्र तीच लढाई कित्येक आठवडे चालते. मग खेळाच्या खास आवृत्तीबरोबर डॉक्टर हॉल्सीची रोजनिशी छापून दोन्ही हकिकतींचा मेळ घालायची खटपट झाली. ते ठिगळ दिसतंच, पण चाहत्यांना अशी ठिगळं तपासायलाही आवडतं. एका अर्थी तेही खेळणंच.

शेवट ठाऊक असूनही

आता मूळ आक्षेपाकडे. गोष्ट पुढे कुठे जाणार हे ठाऊक असेल, तर वाचायचं कशाला?

‘वॉरहॅमर ४०,०००’ हा १९८७ सालचा खेळ. त्याच्या पार्श्वभूमीत एक जुनी कथा आहे: सम्राटाचा लाडका पुत्र होरस बंड करतो, अठरा सैन्यांपैकी निम्मी त्याच्या बाजूला जातात, शेवटी तो मरतो आणि सम्राट जगण्या-मरण्याच्या मध्ये अडकून राहतो. खेळणाऱ्यांना हे सगळं माहीत होतं. तरीही २००६ साली डॅन ॲबनेट यांच्या ‘होरस रायझिंग’पासून या एका बंडावर कादंबऱ्या सुरू झाल्या, त्या मुख्य मालिकेतच पन्नाशीच्या पार गेल्या. शेवटचा खंड २०२४ साली आला. अठरा वर्षं लोक ठाऊक असलेल्या शेवटाकडे चालत राहिले.

मराठी वाचकाला याचं नवल वाटायला नको. कर्ण मरणार हे माहीत नसलेल्या किती जणांनी १९६७ सालची शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ हातात घेतली असेल? कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, कृष्ण एकेक करून बोलायला लागतात आणि आपण त्याच मरणाकडे नव्या वाटेने जातो. कीर्तनात पूर्वरंग संपून उत्तररंगाचं आख्यान लागतं, तेव्हाही समोरच्यांना शेवट तोंडपाठ असतो. बुवा मधले संवाद स्वतःचे घालतात. श्रोत्यांना ते चालतं, पण सीता रावणाला वश झाली म्हणाल तर सभा उठेल. कॅनन कशाला म्हणतात हे माजघरातल्या आजीला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

फरक मालकीचा आहे. खांडेकरांनी १९५९ साली ‘ययाति’ लिहिताना कचाचं पात्र आपल्या मनासारखं वाढवलं, कथेला हवं ते वळण दिलं आणि १९७४ साली मराठीतलं पहिलं ज्ञानपीठही मिळवलं. महाभारताच्या वतीने ना हरकत दाखला मागायला कुणी आलं नाही. होरसची गोष्ट अशी मोकळी नाही. जुन्या कथांनी मराठी कादंबरीला दिलेला मोकळेपणा या लेखकांना नाही, आणि त्यांची बरीच पुस्तकं एका उंचीच्या वर जात नाहीत त्याचं कारण बहुतेक हेच असावं.

मालिकेची चटकही आपल्याला नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयात ‘झुंजार’ परत करून ‘काळा पहाड’ नेणाऱ्यांची पिढी फार जुनी नाही.

शिरायचं कुठून

खेळ कधीच न खेळलेल्याने दोन पुस्तकांतून एक निवडावं. रहस्यकथा आवडत असतील तर डॅन ॲबनेट यांची २००१ सालची ‘झीनोस’. जग वॉरहॅमरचं असलं तरी मुळात ही एका तपास अधिकाऱ्याची गोष्ट आहे आणि लागेल तेवढी माहिती ती चालता चालता देते. साहस आवडत असेल तर आर. ए. साल्वातोरे यांचा ड्रिझ्ट. हा काळ्या कातडीचा, पांढऱ्या केसांचा योद्धा १९८८ सालच्या ‘द क्रिस्टल शार्ड’मध्ये दुय्यम सोबती म्हणून आला आणि नायकालाच मागे टाकून गेला. त्याच्या बालपणाची ‘होमलँड’ ही कादंबरी नंतर, १९९० साली आली, पण सुरुवात तिच्यापासूनच करावी. ती जास्त चांगली आहे.

‘द विचर’च्या बाबतीत गल्लत होते. तिथे पुस्तक आधीचं आहे. पोलिश लेखक आंजेय सॅपकोव्स्की यांची पहिली विचर-कथा १९८६ सालची, पहिला खेळ २००७ सालचा. रशियन लेखक दमित्री ग्लुखोव्स्की यांच्या ‘मेट्रो २०३३’चंही तसंच. ही टाय-इन नव्हेत, मूळ साहित्यच आहे.

नवी प्रत महाग पडते. फोर्टातल्या फुटपाथवर जुनी प्रत मिळाली तर ती मालिकेतली कितवी आहे हे आधी पाहावं, तिथे बहुधा तिसरा भाग हाताला लागतो. ई-बुक स्वस्त, आणि लोकलच्या गर्दीत एका हाताने वाचता येतं.

आपल्या जगांचं काय?

आता खेळांची जगं महाराष्ट्रातही तयार होत आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ आणला. सर्कशीत कसरती करणारी राजी, तिचा धाकटा भाऊ गोलू, मुलांना पळवणारे राक्षस आणि राजीला शस्त्र देणारी दुर्गा. पळवलेली बाकीची मुलं कोण होती, त्यांच्या घरी त्या रात्री काय झालं, हे लिहायला मोकळं आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात विर्लोक नावाचं जग आहे, कॉस्मियम नावाचं मौल्यवान द्रव्य आहे आणि ते शोधायला उतरलेले मिथवॉकर आहेत. तिथे भग्न वास्तू उभ्या आहेत. त्या बांधणारे कोण, हा प्रश्न पोचिंकीतल्या प्रश्नाइतकाच रास्त.

पैसा आणि वाचक यांची गाठही पडली आहे. ‘पबजी मोबाइल’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावाने परत आणला. त्याच महिन्यात क्राफ्टनने ‘प्रतिलिपी’मध्ये मोठी गुंतवणूक केली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत हजारो लोक जिथे रोज क्रमशः कथा लिहितात आणि वाचतात, तेच हे प्रतिलिपी.

तेव्हा पुण्यातल्या स्टुडिओंनी आपल्या जगातली एक दीर्घकथा मराठीत लिहून घ्यावी. मानधन, हक्क आणि अटी आधी लेखी ठरवाव्यात, लेखकाचं नाव मुखपृष्ठावर घालावं. दिवाळी अंकांच्या संपादकांनीही विज्ञानकथेच्या पानांत तिला जागा द्यावी, आणि खेळणाऱ्या मुलामुलींनी ती वाचून चुका काढाव्यात.